कुळागर ते गच्ची : दीडशे मीटर उजेडाची वाट

५ जानेवारी

काल रात्री दोनच्या सुमाराला बाबा कुळागरात, म्हणजे घराखालच्या पोफळीच्या बागेत, उतरले आणि अर्ध्या वाटेवर त्यांचा पाय मुरगळला. घरापासून खाली मोटारीच्या खोपीपर्यंत एकशे अठ्ठावीस पायऱ्या आहेत, सगळ्या चिऱ्याच्या. दव पडलं की साबण लावल्यासारख्या होतात. दिवसा विजेचा दाब कमी असतो, मोटार उचलत नाही, म्हणून शिंपणं रात्रीचं. टाकीत किती पाणी आहे ते बघायला एक खेप, मोटार बंद करायला दुसरी. वय चौऱ्याहत्तर.

आमच्या घरात याची एक जुनी पद्धत आहे. खाली मोटार सुरू झाली की बाबा बॅटरी दोनदा मारतात. आई गच्चीवरून एकदा मारते, म्हणजे 'कळलं'. आईचा उजेड दिसला नाही तर बाबा पुन्हा दोनदा मारतात. मी लहान होतो तेव्हापासून हे असंच चालू आहे. आज त्यांच्या घोट्याला आंबेहळदीचा लेप लावताना पुतणी म्हणाली, "काका, हेच काम आपण एलईडीला शिकवलं तर?" ती अकरावीला आहे. मी उच्च माध्यमिकला भौतिकशास्त्र शिकवतो, पण हे मला सुचलं नव्हतं. आजपासून ही वही.

११ जानेवारी

आधी रेडिओचा विचार झाला, तो नोंदवून ठेवतो. खाली मोबाइलची रेंज नाही. गेल्या वर्षी गच्चीवर बाहेरचा अँटेना लावून वायफाय खाली पोचवायचा प्रयत्न केला होता. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी ओल्या पानांत शोषल्या जातात आणि पोफळी, केळी, मिरीचे वेल यांच्यात ओलाव्याला तोटा नाही. कमी कंप्रतेचा रेडिओ, लोरासारखा (थोडाच डेटा, पण लांब नेणारा), पोचला असता हे मला मान्य आहे. केबल मात्र नको, यावर घरात सगळ्यांचं एकमत. साळिंदर कुरतडतं हे एक, आणि मे-जूनमधल्या विजा हे दुसरं. दोन वर्षांमागे खाली वीज पडली तेव्हा तारेवरून वर आली आणि घरातली दोन यंत्रं घेऊन गेली. उजेडाच्या झोतावरून वीज चढत नाही. माझ्या मते गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यासारख्या भागात प्रकाशाचा हा सगळ्यात मोठा गुण आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

कल्पना जुनी आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि त्याचा सहकारी चार्ल्स समनर टेंटर यांनी १८८० साली वॉशिंग्टनमध्ये सूर्याच्या कवडशावरून माणसाचा आवाज २१३ मीटर लांब पोचवला. पातळ आरसा आवाजानं थरथरायचा, कवडसा त्याबरोबर कमीजास्त व्हायचा, पलीकडे सेलेनियमची घटमाला. बेल या 'फोटोफोन'ला टेलिफोनपेक्षा मोठा शोध मानत असे. पुढे १३१ वर्षांनी, २०११ मध्ये एडिनबर्ग विद्यापीठाच्या हॅराल्ड हास यांनी दिव्याच्या उजेडातून डेटा पाठवून दाखवला आणि 'लाय-फाय' हा शब्द रूढ झाला. २०२३ मध्ये त्याला ८०२.११बीबी हे वायफायच्याच घराण्यातलं मानक मिळालं. ते अवरक्त प्रकाशावर चालतं, ८०० ते १००० नॅनोमीटर.

आम्हाला मात्र जवळची वाटते ती चेक प्रजासत्ताकातली रोंजा, उजेडावरून डेटा नेणारी घरगुती जोडणी. लाल एलईडी, मोठी भिंगं, घरी जोडता येईल असं सर्किट, आणि १.४ किलोमीटरवर सेकंदाला १० मेगाबिट. हिशेब असा की लाल उजेडाची कंप्रता वायफायच्या सुमारे दोन लाख पट आहे. आम्हाला त्यातलं चिमूटभर पुरे. टाकीतलं पाणी किती, मोटार चालू की बंद, एवढंच.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ वाटून झाल्यावर पडवीतल्या टेबलावर पहिली जोडणी केली. पांढरा एलईडी लावून बघितला, मग लाल. पांढऱ्यात खरं तर निळी चिप असते, तिच्यावरचा पिवळा लेप उरलेला रंग देतो. तो लेप विझायला किंचित वेळ घेतो, म्हणून मेगाबिटांच्या वेगाला पांढरा एलईडी अडखळतो. आमच्या वेगाला तो चालला असता. तरी लाल घेतला, कारण तो एकाच रंगाचा आहे आणि पुढे उन्हातून तो वेगळा गाळून काढायचा आहे.

२५ जानेवारी

आजचा दिवस भिंगांचा. फोंड्याहून ७५ मिलिमीटर व्यासाची चार बहिर्वक्र भिंगं आणली, नाभीय अंतर १५० मिलिमीटर. ७५ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपच्या सॉकेटमध्ये ती अशी नेमकी बसली की वाटावं त्याच्यासाठीच घासली होती. पाइपच्या तोंडावर भिंग, वरून सॉकेट, कडेला सिलिकॉन. प्रत्येक टोकाला दोन नळ्या : एक बोलायची, एक ऐकायची.

पुतणीकडून हिशेब करून घेतला. एलईडीची चिप एक मिलिमीटर रुंद. ती भिंगाच्या नाभीवर ठेवली की दूरवर तिचं चित्र पडतं. अंतर १५० मीटर, नाभीय अंतर १५० मिलिमीटर, म्हणजे चित्र हजारपट. एक मिलिमीटरच्या चिपचा एक मीटरचा चौकोन. उजेड दुसऱ्या टोकाला एक मीटरभरच पसरणार. एलईडी एक वॅटचा, त्यातून साधारण ०.३ वॅट खरा उजेड निघतो, त्यातला सहा टक्के भिंगात शिरतो, तो त्या चौरस मीटरवर पसरतो, आणि आपलं ऐकायचं भिंग त्यातले ४४ चौरस सेंटिमीटर उचलतं. हाती येतात ८० मायक्रोवॅट. फोटोडायोड, म्हणजे उजेडाची वीज करणारा भाग, त्याचे ३० मायक्रोअँपिअरच्या आसपास करतो. १०० किलोओहमच्या रोधावर तीन व्होल्ट!

लेसर का नाही, असं वहिनींनी विचारलं. दीडशे मीटरवर लेसरचा ठिपका लहानसा, खांब वाऱ्यानं जरा हलला की सुटला. आणि पायऱ्यांवरून माणसं, पाडेली (झाडांवर चढणारे), मुलं येत-जात असतात, त्यांच्या डोळ्यांचा प्रश्न आहे. भिंगभर पसरलेला एलईडीचा उजेड त्या मानानं सौम्य.

२ फेब्रुवारी

रात्री साडेआठला पहिला झोत. मी खाली, पुतणी गच्चीवर. पाटाच्या वर झाडांच्या मधून एक मोकळी फट आहे, तिच्यातून घराची गच्ची दिसते. बाकी सगळीकडे झावळ्या. तिनं दिवा लावला आणि माझ्या डावीकडच्या केळीच्या पानावर लाल चौकोन उमटला. नुसता लाल डाग नव्हे, चिपचं चित्रच. चिपवरच्या बारीक तारा काळ्या रेघांसारख्या पानावर दिसत होत्या, प्रत्येक रेघ बोटाएवढी जाड. वर डोळ्याला नीट दिसणार नाही अशी तार खाली केळीच्या पानावर बोटानं मोजता येत होती. मी ओरडून तिला उजवीकडे, उजवीकडे सांगत होतो. चौकोन पानावरून पोफळीच्या खोडावर, खोडावरून माझ्या सदऱ्यावर आला.

ऐकायच्या नळीत स्पंदांची, म्हणजे दिव्याच्या उघडझापीतून उठणाऱ्या विजेच्या ठोक्यांची, उंची १.६ व्होल्ट. हिशेबाच्या निम्मी. साध्या भिंगाचा केंद्रबिंदू पसरट असतो, थोडं काचेवरून परावर्तित होतं. १.६ भरपूर आहे.

८ फेब्रुवारी

पहाटे साडेसहाला म्हादई नदीच्या खोऱ्यातून धुकं वर आलं. गच्चीवरून टाकीपलीकडचा मोठा माड दिसेना, म्हणजे दृश्यता २०० मीटरच्या आत. स्पंद १.६ व्होल्टवरून ०.१ वर. धुक्याचा नियम कडक आहे : दृश्यता २०० मीटर असेल तर १५० मीटर जाताना जेमतेम पाच टक्के उजेड उरतो. धुक्याचे थेंब साधारण दहा मायक्रॉनचे, उजेडाच्या लहरीपेक्षा कितीतरी मोठे, त्यामुळे लाल असो की जवळचा अवरक्त, सगळ्यांना ते सारखंच विखुरतात. पावसाचे थेंब त्याहून मोठे पण विरळ, त्यांचा त्रास कमी असायला हवा. जूनमध्ये कळेल.

साडेआठला धुकं उठलं. शिंपणं रात्री असल्यामुळे आमचं अडत नाही. लांब पल्ल्याच्या प्रकाश-दुव्यांचं मात्र हेच मोठं दुखणं आहे. २०२१ मध्ये काँगो नदीवर ब्राझाव्हिल ते किन्शासा असा ४.८ किलोमीटरचा झोत टाकून सेकंदाला २० गिगाबिटपर्यंत डेटा नेला गेला. तिथल्या लोकांनाही हवेकडे असंच बघत बसावं लागत असणार.

१६ फेब्रुवारी

आज भाषा ठरली. खालच्या खोपीतला बल्ब पेटला की ऑसिलोस्कोपवर सेकंदाला शंभर लाटा. वीज ५० हर्ट्झची, पण बल्ब दोन्ही अर्धलाटांत उजळतो, म्हणून शंभर. ही लाट आणि उन्हाचा स्थिर उजेड दोन्ही काढायला मध्ये कपॅसिटर घातला. त्याबरोबर नवीन अडचण आली. शून्य-शून्य-शून्य असा लांब संदेश गेला की कपॅसिटरला तो स्थिर उजेडच वाटतो आणि तो संदेशच गाळून टाकतो.

उपाय ठरलेला आहे, मँचेस्टर कोडिंग. प्रत्येक बिटाच्या मध्यावर उजेड एकदा तरी बदललाच पाहिजे. एक म्हणजे उजेडाकडून अंधाराकडे, शून्य म्हणजे अंधाराकडून उजेडाकडे. काहीही पाठवा, दिवा निम्मा वेळ पेटलेला, निम्मा विझलेला. वेग सेकंदाला ३८,४०० उजेड-अंधाराचे ठोके, त्यातला निम्मा कोडिंगमध्ये जातो, सुरुवात-शेवटाचे बिट जाऊन सेकंदाला १९२० बाइट हाती राहतात.

पुतणीनं संदेशाची रचना लिहिली. खालून पाण्याची पातळी जाते, वरून 'कळलं' येतं. 'कळलं' आलं नाही तर खालचा पुन्हा पाठवतो. दहा मिनिटं वरचं काहीच ऐकू आलं नाही तर खालचा स्वतःच मोटार बंद करतो. कोडमध्ये तिनं उत्तराच्या त्या बाइटचं नाव 'आजी' ठेवलंय. बरोबरच आहे.

१ मार्च

दिवसा काही चालत नाही. नोंदवायला कडू वाटतं, पण दुपारी बारा ते चार खालची नळी बहिरी होते. वरच्या नळीला त्रास नाही, कारण ती गच्चीवरून खाली हिरव्या अंधारात बघते. खालची नळी चढावर बघते, गच्चीच्या मागे उघडं आकाश. आकाशाचाच उजेड ३.४ व्होल्ट, वर पांढरा ढग आला की पाच, म्हणजे ऑपअँप (स्पंद मोठे करणारी चिप) छताला टेकला. त्याच्यावर आमचे स्पंद उमटायला जागाच नाही.

गावातल्या नाटकाच्या प्रकाशयोजनेचं सामान ज्यांच्याकडे असतं, त्यांच्याकडून लाल जिलेटिनचा तुकडा आणला. निळं आकाश छान दबलं. ढग दबला नाही. विचार केल्यावर लक्षात आलं : जिलेटिन लाल उजेडाबरोबर अवरक्तही सोडतं, आणि आमच्या फोटोडायोडला ९०० नॅनोमीटरच्या आसपास सगळ्यात जास्त दिसतं. आपल्या डोळ्याला तो कागद गडद लाल, डायोडला जवळजवळ उघडी खिडकी.

म्हणून दुसरा मार्ग. डायोडच्या पुढे काळ्या ड्रॉइंग कार्डाची चकती, मध्ये दोन मिलिमीटरचं भोक. आता डायोडला गच्चीभोवतीचा दोन मीटरचाच तुकडा दिसतो. रोध १०० वरून २२ किलोओहम केला, उरलेली वाढ कपॅसिटरनंतर. भर दुपारी, मागे ढग असताना, आकाश ०.४ व्होल्ट. स्पंद स्वच्छ.

१५ मार्च

शिगम्याच्या गडबडीत काम बंद. रोमटामेळाचे ढोल-ताशे ऐकत दोन दिवस बरे गेले.

२२ मार्च

दोन्ही टोकं पक्की बसवली. खाली खोपीच्या भिंतीवर, वर गच्चीवरच्या लोखंडी खांबावर. काम संपेपर्यंत साडेसहा झाले. रात्री अकराला बाबांनी पहिल्यांदा खाटेवर बसून मोटार चालू केली. पडद्यावर 'टाकी ३१ टक्के', मग ३२. ते बराच वेळ आकडा वाढताना बघत होते. मग आईला म्हणाले, "झोप आता, बॅटरी मारायची नाही." आई तरी एकदा गच्चीवर जाऊन आली.

२७ मार्च

दिवसभर आभाळ भरून. संध्याकाळी चार थेंबही पडले. काजूच्या मोहराला वाईट. दुवा ठीक.

३१ मार्च

संध्याकाळी सहा वाजून एका मिनिटानं खालची नळी बहिरी झाली. पातळी वर येते आहे, म्हणजे खालचा बोलतोय, पण त्याला ऐकू येत नाही. वीज आहे. रात्री मी मोटार लावायला उतरलो. नको म्हणत असताना बाबा मागून आले. परत वर येताना त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. फार लागलं मनाला.

२ एप्रिल

आज नळी उघडली. डायोडच्या तोंडावरचं पारदर्शक प्लॅस्टिक मधोमध फुगून तपकिरी झालेलं. काळी चकती उजेडात धरली आणि आम्ही दोघं गप्प झालो.

चकतीवर रेघा होत्या. जळलेल्या, सरळ, एकमेकींना समांतर, नखानं ओढल्यासारख्या. प्रत्येक रेघ खालून वर गेलेली, जराशी तिरकी. शेजारच्या रेघेपासून अंतर एक मिलिमीटर. पहिल्या चार रेघा अशा सारख्या अंतरावर, मग एका रेघेची जागा मोकळी, मग आणखी दोन, आणि सातवी भोकाच्या कडेलाच मिळालेली.

पुतणीनं वही मागितली. २३, २४, २५, २६. सत्तावीसला आभाळ भरलेलं होतं. २८, २९, तीसची रेघ भोकाच्या काठावर, एकतीसला सूर्य भोकातून थेट डायोडवर.

घर कुळागराच्या बरोबर पश्चिमेला आहे आणि दहा अंश उंचीवर. मार्चच्या शेवटी सहाच्या सुमाराला मावळतीला निघालेला सूर्य खालून बघणाऱ्याला नेमका आमच्या गच्चीमागे येतो. ४४ चौरस सेंटिमीटरचं ऊन भिंग दीड मिलिमीटरच्या ठिपक्यात गोळा करतं. त्यात काळं कार्ड न जळेल तर नवल. भिंगातली प्रतिमा उलटी, म्हणून सूर्य उतरताना ठिपका चढत जातो. दिवसागणिक सूर्य ०.३९ अंश उत्तरेला सरकतो, आणि १५० मिलिमीटरवर ०.३९ अंश म्हणजे एक मिलिमीटर. शाळेत मी सूर्याची क्रांती (त्याचं उत्तर-दक्षिण सरकणं) फळ्यावर किती वेळा काढली असेल. ती अशी चकतीवर जळालेली, ढगाळ दिवसाच्या मोकळ्या जागेसकट, हातात घेऊन बघितली नव्हती. हवामान वेधशाळांत कॅम्पबेल-स्टोक्स नावाचं उपकरण असतं : काचेचा गोळा, मागे कागदी पट्टी, ऊन पडेल तेवढी पट्टी जळते. आम्ही नकळत तेच बनवलं होतं.

चकती वहीच्या आतल्या कव्हरला चिकटवली आहे.

६ एप्रिल

सूर्य त्याच जागी पुन्हा कधी येईल? २१ जूनच्या जितके दिवस आधी, साधारण तितकेच दिवस नंतर. क्रांतीच्या कोष्टकाप्रमाणे ३१ मार्चची जोडी १२ सप्टेंबरशी लागते. वेळ मात्र आठेक मिनिटं लवकर, कारण घड्याळाचा मध्यान्ह आणि सूर्याचा मध्यान्ह यांतला फरक त्या दोन दिवशी वेगळा असतो. ५ वाजून ५३ मिनिटं.

चकती आता ॲल्युमिनियमच्या पत्र्याची, काळा हात दिलेली. भोक दीड मिलिमीटर. पत्रा जळणार नाही. पण भोकातून सूर्य गेलाच तर डायोड जाणार. नळीला छोट्या मोटारीवर चालणारी झडप लावावी असं पुतणीचं मत, म्हणजे आणखी एक बिघडणारी वस्तू. विचार चालू आहे.

२० एप्रिल

उत्तर बाबांनी दिलं. खाली पायऱ्यांवर बसून वर बघत म्हणाले, "सूर्य मागून येतो तर मागे काहीतरी ठेव." गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात हजार लिटरच्या दोन काळ्या टाक्या आहेत. त्या हलवून खांबाच्या मागे शेजारी-शेजारी आणल्या. दोन्ही मिळून सव्वादोन मीटर रुंद, वर एक फुटी पत्र्याची पट्टी. डायोडला गच्चीवर दीड मीटरचा तुकडा दिसतो. तो सगळा आता काळ्या टाक्यांनी भरलाय.

यातला दुसरा फायदा आम्ही मोजला तेव्हा कळला. नळीमागचं आकाशच गेलं! भर दुपारी पार्श्वभूमी ०.४ व्होल्टवरून ०.१ च्या खाली. महिनाभर गाळण्या आणि रोध बदलत जे साधत होतो, ते दोन टाक्यांनी एका दुपारी केलं.

१८ मे

पुतणीला फोटो पाठवायचा होता. खाली बाबा टाकीजवळ उभे, तिनं फोटो काढून ४० किलोबाइटचा केला आणि उजेडावर सोडला. एकवीस सेकंद लागले. वर आईच्या समोर पडद्यावर चित्र वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उतरलं. आधी झावळ्या, मग मिरीचा वेल, मग बाबांची टोपी. टोपी दिसल्यावर आई म्हणाली, "आले." बाकीचं चित्र यायला अजून आठ सेकंद होते.

रात्री पाटाच्या कडेनं काजवे. पावसाआधीचे आठ-दहा दिवस असतात. एका पोफळीवरचे सगळे एका लयीत लुकलुकत होते आणि आमचा लाल झोत त्यांच्यामधून शांत जात होता. डोळ्याला तो सलग दिसतो, इतका भरभर पेटतो-विझतो.

१२ जून

पाऊस लागून आठवडा झाला. मुसळधारेत स्पंद १.६ वरून १.१ व्होल्ट, बस. फेब्रुवारीतला अंदाज बरोबर : विरळ मोठे थेंब परवडतात, दाट बारीक थेंब नाही. जास्त त्रास भिंगावर बसणाऱ्या पाण्याच्या पापुद्र्याचा. सॉकेटच्या पुढे आणखी हातभर पाइप जोडला, तोंड खाली तिरकं कापून. आता भिंग कोरडं.

परवा रात्री खाली माडावर वीज पडली. मोटारीचा स्टार्टर जळला. घरातलं काहीही गेलं नाही. दोन्हीकडे वीजपुरवठा वेगळा, मध्ये फक्त उजेड.

२० जुलै

पावसाळ्यात एका केळीचं नवं पान पंधरा दिवसांत बरोबर फटीत आलं. ऐकायच्या नळीत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं, तोंडाला बारीक जाळी लावली. भिंगाच्या कडेला बुरशी, ती दर रविवारी पुसायची. ही कामं आता बाबा करतात, दिवसा, काठी घेऊन, सावकाश उतरून. फटीला ते 'उजेडाची वाट' म्हणतात. झावळ्या काढायला आलेल्या पाडेल्याला त्यांनी आधी वाट दाखवली, मग पोफळ.

पुतणीनं विचारलं, टाकीत पाण्याखालून बोलता येईल का. लाल उजेड पाणी लवकर शोषतं. निळा-हिरवा दूर जातो, समुद्रातही तोच सगळ्यात लांब पोचतो, रेडिओ तर खाऱ्या पाण्यात शिरत नाही म्हटलं तरी चालेल. निळा एलईडी मागवलाय.

१२ सप्टेंबर

काल आणि परवा ढग होते. आज पाचनंतर पश्चिम मोकळी झाली.

आम्ही सगळे खाली, आईसुद्धा. नळीच्या बगलेला चकती दिसेल अशी खिडकी कापून तिला काळी काच लावली आहे. पाच चाळीसला चकतीच्या खालच्या कडेला सूर्याचा ठिपका शिरला. डाळीच्या दाण्याएवढा, कडा लखलखीत. तो वर चढू लागला, मिनिटाला अर्ध्या मिलिमीटरहून थोडं जास्त, किंचित वाकडा, मार्चमधल्या रेघांच्याच तिरपेनं. बाबा काळ्या काचेतून बघत होते, मी पुतणीच्या हातातल्या पडद्याकडे. भोकापासून दीड मिलिमीटरवर ठिपक्याची वरची कड कापली गेली. मग अर्धा राहिला. मग नखाएवढी कोर. मग काही नाही. वर टाक्यांच्या पत्र्याला सोनेरी काठ आला.

१७.५२ टाकी १००. आजी.
१७.५३ टाकी १००. आजी.
१७.५४ टाकी १००. आजी.